एका माणसाचा आकडा

डॉक्टर : आपल्या दौंडात खोकल्याचा पेशंट हल्ली नुसता खोकला सांगत नाही, कारणही सोबत घेऊनच येतो. केडगाव-वरवंडकडचा असला तर गुऱ्हाळाचा धूर, कुरकुंभकडचा असला तर कंपनीचा वास, भीमेकाठचा असला तर पुण्याचं पाणी. मोबाइलवर पुण्याच्या हवेचा आकडा दाखवतात आणि विचारतात, "डॉक्टर, हे याच्यामुळंच ना?" हो म्हणालो तर तो समाधानानं जाईल. पण मला ते खात्रीनं म्हणता येत नाही. समोरच्या माणसाला साखर असते, खिशात तंबाखूची पुडी असते, पूर्वी कधीतरी टीबी होऊन गेलेला असतो, वर रात्रपाळी. यातल्या नेमक्या कशानं त्याची छाती भरली, हे मला स्टेथोस्कोपनं ऐकू येत नाही. बाई, हवा-पाण्याचा तब्येतीवर परिणाम होतो, याबद्दल माझा वादच नाही. पण "परिणाम होतो" ही गावाची गोष्ट झाली. पेशंट विचारतो ते स्वतःबद्दल. या दोन्हींच्या मधली जागा तुम्ही कशानं भरणार?

शिक्षिका : मोजून. आणि तेही त्या माणसाच्या नाकापाशी. पुण्यातल्या एखाद्या चौकातला आकडा मांडवगणच्या बाईला काय कामाचा? अमेरिकेतल्या कर्क स्मिथ या शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत हेच केलं. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजणी यंत्रं लावली, आणि दिसलं की शहरातल्या धुराड्यांची चर्चा चालू असताना सर्वांत घाण हवा चुलीपुढं बसलेली बाई घेते आहे. पुढं त्याच्या नावावर एक ठोकताळा रूढ झाला : घरात सोडलेला एक ग्रॅम धूर माणसाच्या छातीत जाण्याची शक्यता उंच धुराड्यातून बाहेर पडलेल्या एक ग्रॅमच्या साधारण हजार पट असते. धूर किती निघाला यापेक्षा तो कुठं निघाला, कुणाच्या तोंडाशी निघाला, हे जास्त महत्त्वाचं.

आमच्या शाळेतल्या एका मुलीनं धूळ मोजणारं लहानसं यंत्र दिवसभर जवळ बाळगलं. घरात गॅस आहे, त्यामुळं तिची खात्री होती की आकडा रस्त्यावर, ट्रॅक्टर आणि उसाच्या गाड्यांमागं चढणार. तिथं तो चढलाच. पण दिवसातला सर्वांत उंच आकडा सकाळी सहाच्या सुमाराचा निघाला. आम्हाला कळेना. मग तीच म्हणाली, "बाई, तेव्हा मी बंब पेटवते." चहा-भाजी गॅसवर होते, पण सात माणसांचं अंघोळीचं पाणी गॅसवर परवडत नाही. परसात बंब, त्यात पाचट, बाभळीच्या काटक्या, आणि चटकन पेट घ्यावा म्हणून दुधाची रिकामी पिशवी. ती पिशवी वितळून गळत असताना ही पोर वाकून फुंकर घालते. सरकारी यादीत हे घर "गॅसवर स्वयंपाक करणारं घर" आहे. मोजलं नसतं तर हे आम्हाला कोण सांगणार होतं?

डॉक्टर : मुलीची गोष्ट चांगली आहे. आता माझ्याकडच्या दोन ऐका. मलावीत दहा हजारांहून जास्त लहान मुलांवर प्रयोग झाला. निम्म्या घरांना कमी धुराच्या चुली दिल्या, निम्मी घरं तशीच ठेवली. २०१६ साली निकाल आला : मुलांच्या न्यूमोनियात फरक नाही. म्हणाल, चूल ती चूलच. बरं, मग दुसरा घ्या. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या सुमारे ३२०० गरोदर बायका. निम्म्या घरांना शेगडी आणि गॅस फुकट, घरपोच. बायकांच्या श्वासातले सूक्ष्म कण खरोखर एक तृतीयांशाच्या आसपास आले. बाळांचं वजन? दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच. पुढं बाळांच्या गंभीर न्यूमोनियातही फरक दिसला नाही. यंत्रावरचा आकडा उतरला, शरीरानं दखल घेतली नाही. मग तुमच्या मुलीच्या सहा वाजताच्या आकड्याला बघून मी काय म्हणू? ती भ्याली, तिची आई भ्याली, आणि पाणी तर तापवावंच लागणार.

शिक्षिका : हे निकाल मला बोचतात, ते मी झाकून ठेवत नाही. मलावीचं कारण थोडंफार समजतं. नवी चूल आली तरी अंगणातला कचरा जळत राहिला, शेजारचा धूर येत राहिला. शिवाय धूर आणि आजार यांचं नातं सरळ रेषेचं नाही. खूप धुरातून मध्यम धुरात आलं तर फायदा थोडा, मध्यमातून स्वच्छ हवेत आलं तर जास्त. म्हणजे अर्धवट सुधारणा सर्वांत महाग पडते. पण दुसऱ्या प्रयोगात धूर चांगलाच उतरला होता आणि तरी वजन हललं नाही. त्याला माझ्याकडं पुरं उत्तर नाही. आईच्या अंगात वीस वर्षांचा धूर असेल, तिचं स्वतःचं वजन चाळीस किलो असेल, तर शेवटचे सहा महिने गॅस देऊन किती फिटणार?

मात्र फुप्फुसाचं वेगळं. शेजारच्या शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक घ्या. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं काम तिथं डॉ. बानू कोयाजींनी उभं केलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून शिरूर आणि हवेलीतल्या २२ गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची नोंद होते आहे. याच पट्ट्यात छातीच्या आजारांवर काम झालं तेव्हा दिसलं की ज्यांच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या होत्या, त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात विडी ओढलेली नव्हती. तोवर पुस्तकात तो विडी-सिगारेटवाल्यांचा आजार होता. तुमच्याकडं अशी साठीची बाई येते तेव्हा तिला "दमा" म्हणून पंप लिहून दिला जातो आणि चुलीचं कुणी विचारत नाही. मी चुकते का?

डॉक्टर : नाही. पण तुम्ही जे सांगितलंत ते माझ्याच बाजूचं आहे. वढूत ते कळलं कसं? एका बाईच्या अंगावर यंत्र बांधून नाही. हजारो माणसं, फुंकून घ्यायची तपासणी, आणि वर्षानुवर्षांची यादी. जेफ्री रोज नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं १९८५ मध्ये एक भेद सांगितला होता, मला तो रोज उपयोगी पडतो. या माणसाला हा आजार आत्ता का झाला, हा एक प्रश्न. या गावात हा आजार इतका का आहे, हा दुसरा. उत्तरं वेगळी, ती शोधायच्या जागा वेगळ्या. सगळ्याच घरांत चूल असेल तर कुणाला दम लागला आणि कुणाला नाही, हे चूल सांगू शकणार नाही. तिथं अंगकाठी, खाणं, नशीब हेच फरक दिसतील. आणि आपण म्हणू, चुलीचं काही नाही, आमची आजी नव्वद वर्षं जगली. उलट सगळं गाव दुसऱ्या गावाशेजारी ठेवलं की चूल दिसते. तुमचं यंत्र या दोहोंपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. ते फक्त दोष देतं, आणि तोही ज्याच्या हातात यंत्र आहे त्यालाच.

याची मला खरी चीड आहे. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून येतं, रांजणगाव सांडसला भीमेत मिसळतं, पारगावपासून पुढं दौंडच्या काठानं जलपर्णीखालून उजनीत जातं. काही पाणी प्रक्रिया करून मुंढव्याहून बेबी कालव्यात सोडतात, ते आमच्या उसाला येतं. कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीशेजारच्या विहिरींच्या तक्रारी जुन्या आहेत. रांजणगावला घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारा प्रकल्प आहे. हे सगळं एका बाजूला, आणि तुम्ही शोधून काढलीत एका पोरीच्या हातातली दुधाची पिशवी. उद्या कुणीतरी साहेब म्हणेल, बघा, यांच्या घरातच प्रदूषण आहे.

(हे लिहिताना मला इथं मध्ये बोलल्यावाचून राहवत नाही. डॉक्टरांची चीड मला पूर्ण पटते, आणि तरीही त्यांची शेवटची भीती मान्य करणं धोक्याचं वाटतं. साहेब काय म्हणतील म्हणून घरातला धूर लपवायचा, तर तो ज्या मुलीच्या छातीत जातो तिचं काय? आपल्याकडं प्रदूषणाची चर्चा सोलापूर रस्त्यावरून जाताना दिसणाऱ्या गुऱ्हाळाच्या धुराड्यापाशीच थांबते. धुराड्याखाली चुलवणात जाळ घालणारा माणूस त्या चर्चेत येत नाही. चिपाड कमी पडलं की प्लास्टिकचा, रबराचा भंगार कचरा जाळल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. क्लोरीन असलेलं प्लास्टिक जळताना डायऑक्सिनसारखी विषं तयार होतात, आणि ती आधी त्या माणसापर्यंत पोचतात, मग गावापर्यंत.)

शिक्षिका : दोष कुणाचा आणि डोस कुणाला, हे वेगळं ठेवू या. नदी ज्यानं नासवली त्याचा दोष मोठा. पण त्या नदीतलं किती माझ्या पोटात येतं, हे मी काय पिते त्यावर ठरतं. मोठ्या दोषाचा डोस लहान असू शकतो आणि क्षुल्लक दोषाचा डोस प्रचंड. मच्छरांची कॉइल घ्या. २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. बंद खोली, खाटेखाली कॉइल, वर चार महिन्यांचं बाळ. यात कुणा कारखान्याशी भांडावं लागत नाही. जाळी लावायची.

आणि एका माणसाचा आकडा कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही म्हणता, तर फवारणीचं बोलू. कांद्यावर, डाळिंबावर फवारणारा आपला माणूस बघा. पाठीवरचा पंप झाकणापाशी झिरपतो. सदरा पाठीला चिकटतो, मग विजारीचा कमरेकडचा भाग ओला होतो. तो तसाच चार वाजेपर्यंत फवारतो, बांधावर बसून त्याच हातानं तंबाखू मळतो. त्यानं नाकाला फडकं बांधलेलं असतं, कारण त्याला वाटतं विष वासातून जातं. बहुतेक विष कातडीतून जातं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं द्रव्य निकामी करतात, आणि ते रक्त तपासून मोजता येतं. मात्र यात एक गोम आहे. निरोगी माणसांतही त्याचं प्रमाण खूप कमी-जास्त असतं. एखाद्याचं मुळात भरपूर असेल, तर एक तृतीयांश गळून गेलं तरी लॅबचा कागद "नॉर्मल" म्हणतो. म्हणून कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकापासून नियम आहे : फवारणी करणाऱ्या कामगाराचं रक्त हंगामाआधी तपासून त्याचा स्वतःचा आकडा नोंदवायचा. पुढं तांबड्या पेशींमधलं प्रमाण त्या आकड्याच्या ७० टक्क्यांवर आलं की त्याला त्या कामावरून बाजूला काढायचं. तिथं गावाची सरासरी उपयोगाची नाही. त्याचा आकडा त्याच्याच जुन्या आकड्याशी ताडून बघावा लागतो. डॉक्टर, हे तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे ना?

डॉक्टर : आहे. इथं मी मागं येतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, अंगाला दरदरून घाम, असा पेशंट मी बघितलाय. अॅट्रोपिन किती आणि किती वेळ द्यावं लागतं तेही माहीत आहे. २०१७ मध्ये यवतमाळला वीसहून जास्त माणसं फवारणीच्या विषबाधेनं गेली, तेव्हा आधीचा आकडा कुणाचाच नव्हता. पण आपल्याकडं तो घेणार कोण? जमिनीचा मालक स्वतः फवारत नाही. फवारणारा आज या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. आणि ऊसतोडीचा माणूस तर बीडहून येतो, चार-पाच महिने फडाशेजारी कोपीत राहतो, बायको तिथंच तीन दगडांवर भाकरी करते, आणि उन्हं तापू लागतात तरी तोड चालू असते. मध्य अमेरिकेत उसाच्या कामगारांच्या किडन्या तरुणपणी निकामी होतात, उन्हात पाण्यावाचून केलेल्या काबाडकष्टांशी त्याचा संबंध लावला गेला आहे. आपल्या तोडकऱ्याच्या किडनीचा हंगामाआधीचा आकडा कुठं आहे? ना माझ्याकडं, ना त्याच्या गावच्या दवाखान्यात. ज्याला सर्वांत जास्त लागतं त्याचाच आकडा नसतो. तुमचं यंत्र बाळगायला तुमची विद्यार्थिनी आहे.

शिक्षिका : हो, तिथं माझं घोडं अडतं. मग आपण असं करू. कुठं एका माणसाचा आकडा खरंच काही सांगतो आणि कुठं नाही, एवढं तरी वेगळं काढू. फवारणीचं रक्त : सांगतो. बोअरचं पाणी : सांगतो. युरियानं आणि शोषखड्ड्यांमुळं पाण्यात नायट्रेट उतरतं. आपल्या मानकात हद्द लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्यावर सूट नाही. वरच्या दुधावरचं तान्हं बाळ असेल तर त्या एकाच बोअरचा आकडा त्या एकाच घराला ताबडतोब कामाचा आहे. आया पाणी उकळतात आणि निर्धास्त होतात. उकळल्यानं नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. बंद खोलीतली कॉइल : सांगतो. चूल आणि बाळाचं वजन : एका घरापुरतं नाही सांगता येत. नदी आणि कॅन्सर : मुळीच नाही.

डॉक्टर : हे मला मान्य आहे, आणि आता खरी अडचण दिसते. पहिल्या गटातल्या गोष्टींना आज-उद्या उपाय आहे, पण त्यांतल्या बहुतेक माणसाच्या स्वतःच्या गळ्यात पडतात. दुसऱ्या गटातल्या गोष्टींना जबाबदार कुणी दुसरा आहे, पण त्या सिद्ध करायला माणसं मोजावी लागतात, तीही वीस-वीस वर्षं. वढूच्या यादीतली गावं शिरूरची आणि हवेलीची. भीमेच्या अलीकडं, दौंडातलं एकही गाव त्या यादीत नाही. कुरकुंभच्या माणसानं मला विचारलं की आमच्यात कॅन्सर वाढलाय का, तर मला "वाढलाय" म्हणता येत नाही आणि "नाही वाढला" असंही म्हणता येत नाही. कंपनीचा माणूस मात्र बिनदिक्कत म्हणतो, पुरावा कुठं आहे? पुरावा नाही, कारण कुणी मोजलंच नाही. माझ्या शंकेचा वापर असा होतो, याची मला लाज वाटते. पण म्हणून मी खोटी खात्रीही देणार नाही.

शिक्षिका : मग मोजायला सुरुवात तुमच्याच टेबलावरून होऊ शकते. केसपेपरवर "व्यवसाय" असा रकाना असतो. त्यात "गृहिणी" आणि "शेती" यापलीकडं काही नसतं. गाव, पाणी कुठलं, अंघोळीचं पाणी कशावर तापतं, फवारणी कोण करतं, मशेरी लावते का, गुऱ्हाळ घरापासून किती लांब. सहा ओळी.

डॉक्टर : शंभर पेशंटांच्या गर्दीत सहा ओळी फार होतात, तरी लिहीन. पण एक आधीच सांगतो. दवाखान्यात येणारे म्हणजे गाव नव्हे. जो परवडत नाही म्हणून येत नाही, जो कोपीत आहे, जो मेला, तो माझ्या कागदावर नसेल. आणि "यामुळं झालं" असा शब्द मी कुठंही लिहिणार नाही. ते तुमची मुलं वाचतील, पेपरवाला वाचेल, आणि एका गुऱ्हाळावर मोर्चा जाईल. गुऱ्हाळ बंद पडलं तर कारखान्यानं वेळेवर तोड दिली नाही तेव्हा शेतकरी ऊस कुठं घालणार, तेही बघावं लागेल.

शिक्षिका : "यामुळं झालं" लिहू नका. पण चुलवणात प्लास्टिक जाळू नये, हे म्हणायला मला तुमचे वीस वर्षांचे कागद लागत नाहीत. त्याचं विष प्रयोगशाळेत केव्हाच सिद्ध झालेलं आहे. कुठल्या कारणासाठी किती पुरावा पुरे, हे तरी सगळीकडं एकच कसं असेल? गुऱ्हाळवाल्याला चिपाड वाळवायला जागा आणि सवड हवी असेल तर ती कशी मिळेल, हे बोलायला मी यंदा हंगामाच्या आधी जाणार आहे. तुम्ही सोबत या.

डॉक्टर : येईन. गुऱ्हाळवाल्यानं विचारलं की माझ्या धुरानं कोण आजारी पडलं ते नाव सांगा, तर मी नाव सांगणार नाही.

शिक्षिका : नावाचं मी बोलणारच नाही. चुलवणापुढं बसलेल्या माणसाला एकदा तपासणीसाठी फुंकायला लावा, एवढंच म्हणते. त्याचा आजचा आकडा आज घ्या, आणि हंगाम संपला की पुन्हा.

डॉक्टर : आणि दोन्ही आकडे सारखे आले तर?

शिक्षिका : तर तेही लिहा. मी प्लास्टिकबद्दल तरीही बोलेन.

डॉक्टर : तिथंच आपलं पटत नाही, बाई. तुम्ही आकडा मागता आणि त्याचं उत्तर आधीच ठरवून ठेवता.

शिक्षिका : आणि तुम्ही आकड्याची वाट बघता, तोवर तो माणूस जाळ घालत राहतो.